झेंडूच्या माळेखालचे यंत्र

नाशिकमधील एका सरकारी कचेरीच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत, मी आयुष्याची उमेदीची वर्षे अर्जलेखनात व्यतीत केली. माझे औपचारिक शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण मला कचेरीनेच दिले, आणि ते अधिक टिकाऊ निघाले, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवीधर मंडळी माझ्यापुढे उभी राहून 'महोदय' आधी घालायचे की 'विषय' आधी, असे विचारीत. तेव्हा मी त्यांना बसायला सांगून मगच उत्तर देत असे.

ज्या टेबलावर हे सर्व कार्य चाले, ते जन्मतः टेबल नव्हते. तो एका शिलाई यंत्राचा ओतीव लोखंडी सांगाडा होता. नव्वदच्या दशकात पंचवटीतील एका शिंप्याने तयार कपड्यांपुढे हात टेकले आणि दुकान आवरले. त्याच्या यंत्राचे वरचे काळे डोके मालेगावकडचा कोणी इसम घेऊन गेला. खालचा सांगाडा माझ्या वाट्याला आला. मी त्यावर सागवानी फळी ठोकून घेतली व फळीवर टंकलेखन यंत्र विराजमान केले. एका यंत्राच्या खांद्यावर दुसरे यंत्र बसले. पायडल मात्र तसेच राहिले होते. एखाद्या अर्जात मजकूर अडला की माझे पाय आपोआप पायडल मारू लागत आणि वाक्य सुटे.

शेजारचा झेरॉक्सवाला त्यावरून मला डिवचत असे.

"काका, अर्ज लिहिताय का शिवताय?"

"तुझ्यासारखा नुसता छापत नाही," मी सांगे. "मापात बसवतो."

या टेबलामुळे माझी नजर अशा यंत्रांकडे वळू लागली आणि शहरभर मला ती दिसू लागली. अंबडकडच्या भंगाराच्या दुकानांत त्यांची काळी डोकी ओळीने मांडलेली असत आणि पाऊस आला की ताडपत्री उडू नये म्हणून त्यांचाच उपयोग होई. कारखान्यात नोकरीला लागलेल्या माझ्या एका मेव्हण्याने सांगाड्यावर दूरदर्शन संच ठेवला होता आणि त्यावर क्रोशाचा रुमाल. वणीला गडाच्या पायथ्याशी एक बांगडीवाली अशाच सांगाड्यावर दुकान मांडीत असे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की ती पायडल हलवी, बांगड्या किणकिणत आणि गिऱ्हाईक विरघळे. पुढे गंगापूर रोडला नवी हॉटेले निघाली, तेव्हा त्यातील एकाने हात धुण्याचे बेसिन शिलाई यंत्राच्या सांगाड्यावर बसविले. ते शोभेसाठी होते. परंतु मी स्वतः पाहिले आहे की चांगली शिकलेली माणसे नळ उघडा सोडून पायडल मारीत उभी राहत, पाणी त्यानेच येते असे समजून.

यंत्रांना पुनर्जन्म मिळतो असे म्हणणे मला पसंत नाही. निवृत्त मनुष्याला जशी दुसरीकडे किरकोळ नोकरी लागते, तशी ती त्यांना लागते. काम हलके, मान थोडा अधिक. तथापि एका यंत्राला थेट देवपण मिळालेले मी पाहिले, आणि त्या प्रकरणात अर्जदाराचा लेखक या नात्याने माझा निकटचा संबंध आला. सबब ते येथे सविस्तर नमूद करतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. श्रावण सरत असताना पेठ तालुक्यातील एका पाड्यावरून दोन स्त्रिया माझ्याकडे आल्या. एक विशीच्या पलीकडची, चुणचुणीत. दुसरी तिची सासू, वाळलेल्या शेंगेसारखी ताठ. त्या काळी ग्रामीण महिलांना शिलाई यंत्र देण्याची एक सरकारी योजना होती. अटी दोनच. शिवणकामाचे प्रशिक्षण झालेले असावे आणि घरात यंत्र नसावे. सुनेने पेठला शिवणवर्ग पूर्ण केला होता. दाखला तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, आणि मी तो हातात घेण्यापूर्वी पुन्हा एकदा पदराने पुसला.

"मशीन कशासाठी हवी?" मी विचारले. अर्जाला कारण लागते.

"घरी ऱ्हायाला," ती म्हणाली.

मला उलगडा होईना. मग तिने सांगितले. भात निघाले, दिवाळी झाली की त्यांचा सारा पाडा घरांना कड्या घालून दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जाई तो थेट उन्हाळ्यापर्यंत. तिची मुलगी तिसरीत होती. दरवर्षी दिवाळीनंतर तीही आईबरोबर जाई, द्राक्षाच्या मांडवाखाली बसून राही आणि परत शाळेत गेली की मागच्या बाकावर सरकलेली असे.

"मालक जातीन बागंवर," सून म्हणाली. "मी मशीनवर बसले तर मी आन् पोर घरी ऱ्हाऊ. पाड्यावर परकर-पोलकं शिवनारं कोन नाय. लोकं पेठला जात्यात."

"घरी शिलाई यंत्र आहे का?" मी नियमाप्रमाणे विचारले.

"नाय," सून म्हणाली. सासूनेही मान हलविली.

त्या वेळी सासूचे लक्ष अर्जाकडे नव्हतेच. ती खाली वाकून माझ्या टेबलाचे पाय पाहत होती. मी 'उदरनिर्वाह' हा शब्द टंकीत होतो आणि माझे पाय चालू होते.

"दादा," ती म्हणाली, "तुमी तिच्यावर पाय ठिवता?"

"पायडल पायानेच मारायचे असते, आजी."

तिने ओठ मुडपले, माझ्या टेबलाच्या लोखंडी नक्षीला हात लावला आणि तो कपाळाला टेकविला. मी संकोचून पाय मागे घेतले. उरलेला अर्ज, मला आठवते, पाय आवळून लिहावा लागला. तरीही तो उत्तम उतरला. 'सदर यंत्र प्राप्त झाल्यास अर्जदाराचे स्थलांतर टळून कन्येच्या शिक्षणास स्थैर्य लाभेल' हे वाक्य वाचून कचेरीतील कारकुनानेसुद्धा भुवया वर केल्या होत्या.

त्यानंतर दसरा गेला आणि दोघी परत आल्या. सून पुढे, सासू दहा पावले मागे. अर्ज नामंजूर झाला होता. पडताळणीला गेलेल्या कर्मचाऱ्याने शेरा मारला होता: घरात शिलाई यंत्र आहे.

मी खुर्चीत ताठ बसलो. माझ्या हातून गेलेल्या अर्जात असत्य विधान निघावे, ही माझ्या कारकिर्दीतील अपूर्व बाब होती.

"तुम्ही नाही म्हणालात," मी म्हणालो.

"नायच हाय," सून म्हणाली. "तो देव हाय. देवाला मशीन कोन म्हनतं?"

हळूहळू प्रकरण बाहेर आले. सासरा तरुणपणी नाशिकला एका शिंप्याकडे कामाला होता. त्या शिंप्याने नवे यंत्र आणले तेव्हा जुने याला देऊन टाकले, आणि याने ते पाड्यावर नेऊन मरेपर्यंत चालविले. तो गेल्यानंतर यंत्र गंजून बसले. चाक फिरेना. म्हातारीने ते कोपऱ्यात सरकविले. पहिल्या दसऱ्याला घरातील कोयता, विळा, नांगराचा फाळ पूजेला मांडताना तिने मालकाचे यंत्रही मांडले. दसऱ्यानंतर बाकीची अवजारे कामावर परत गेली. यंत्राला काम नव्हते, म्हणून ते पूजेतच राहिले. मग रोज हळद-कुंकू, अमावास्येला नारळ. पायडलवर तांदळाची मूठ. त्याला पाय लागला तर सुनेला पाया पडून माफी मागावी लागे. खाली कोंबडी अंडी घाली, तेवढे चाले. कोंबडीला कोण समजावणार.

"आणि पडताळणीच्या साहेबाने ते पाहिले कसे? कोपऱ्यात होते ना?"

सून मागे वळून सासूकडे पाहू लागली. सासू कडुनिंबाकडे पाहू लागली.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आला तो," सून म्हणाली. "आत्यानी मशीन दारात आनून ठिवली. झेंडूची माळ घातली. आन् त्याला सांगती, बघा साहेब, आमी शिंप्याच्या घरचे हाओत, सगळ्या पाड्याचे कपडे हिच्यावर झाल्यात."

"साहेबाला कळाया नको?" सासू झाडाकडे बघतच म्हणाली. "उगं कोनालाबी मशीन देत्यात का? घरान्यात शिलाई हाय म्हनून सांगितलं."

मी कपाळाला हात लावला. म्हातारीने चांगले वजन पडावे म्हणून घरातील देव पुराव्यादाखल दारात आणला होता, आणि त्याच पुराव्याने अर्ज बुडाला होता.

कारकुनाकडे मी स्वतः गेलो. तो मला, वकिलांना ऐकू जाईल अशा आवाजात, वकीलसाहेब म्हणत असे.

"वकीलसाहेब, यंत्र ते यंत्र. गंजलं काय न् पुजलं काय. भंगारात घालायला सांगा, भंगारवाल्याची चिठ्ठी आणा, नवीन घेऊन जा."

हे मी खाली येऊन सांगितले. सुनेने सासूकडे पाहिले. सासूने डोक्यावरचा पदर घट्ट केला.

"त्यांना भंगारात घालू?"

"मशीनला, आत्या."

"येकच ते."

त्या दोघींमध्ये त्या क्षणी जे शांतपणे उभे राहिले, ते मोडायला माझ्यासारखा अनुभवी मनुष्यच हवा होता. मी विचार केला. न्यायालयात वाद वस्तूविषयी असेल तर वस्तूच हजर करतात. मी अपिलाचा अर्ज लिहिला: सदर यंत्र वापरण्यास पूर्णपणे अयोग्य असून केवळ श्रद्धेचे स्थान आहे, महोदयांनी प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, त्यासाठी अर्जदार ते कचेरीत हजर करण्यास तयार आहे. योजनेच्या अधिकारी एक बाई होत्या. त्यांना अर्ज वाचून हसू आले असे शिपायाने मला सांगितले, परंतु त्यांनी दिवस दिला. कारकून म्हणाला, "वकीलसाहेब, उद्या म्हैस आणायला सांगाल, दूध देत नाही दाखवायला." मी दुर्लक्ष केले.

ठरल्या दिवशी पेठहून काळी-पिवळी जीप आली. सांगाडा टपावर दोराने आवळलेला होता. यंत्राचे डोके मात्र म्हातारीने टपावर जाऊ दिले नव्हते. सबंध घाट तिने ते जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर आणले होते. बाकीचे प्रवासी त्यामुळे एकमेकांच्या मांडीवर आले होते, अशी चालकाची तक्रार होती.

कडुनिंबाखाली आम्ही यंत्र पुन्हा जोडले. हळदीचा थर, कुंकवाचे ठिपके, सुकलेली माळ. मी चाक फिरवून पाहिले. जागचे हलले नाही. मला अतिशय समाधान वाटले. इतके निर्विवाद मृत यंत्र मी दुसरे पाहिले नव्हते. सासूला त्याजवळ बसवून, सुनेला बरोबर घेऊन मी मॅडमना बोलावण्यास वर गेलो.

मॅडम बैठकीत होत्या. बैठक लांबली. मग चहा झाला. मग एक फोन आला. आम्ही बाकावर बसून होतो आणि सून मला पुन्हा पुन्हा विचारीत होती, "देतीन ना?" मी तिला धीर देत होतो. "तू फक्त गप्प राहा. चाक फिरत नाही, एवढे त्या पाहतील आणि सही करतील."

अखेर मॅडम उठल्या. मागून कारकूनही आला, करमणुकीसाठी. आम्ही जिना उतरत असताना खालून आवाज येऊ लागला. टकटकटक, टकटकटक. पंचवटीच्या गल्लीत राहिलेल्या मनुष्याला तो आवाज ओळखावा लागत नाही.

रस्त्यापलीकडे रिक्षांची रेक्झिनची कव्हरे शिवणारा एक कारागीर बसे. तो आपली रॉकेलची बाटली, तेलाची कुपी आणि चाकाला घालायच्या चामडी वादीचा तुकडा घेऊन आमच्या यंत्रापुढे उकिडवा बसला होता आणि हाताने चाक फिरवीत होता. सुई वरखाली नाचत होती. म्हातारी शेजारी उभी राहून देवळात उभे राहावे तशी पाहत होती.

"काका, मोकळी झाली बघा," कारागीर मला आनंदाने म्हणाला. "नुसतं जुनं तेल जमलं होतं. पायानं लगेच झाली असती, पण आजी पाय लावू देईना."

मॅडम म्हणाल्या, "ही तर चालते."

अशा प्रसंगी सामान्य माणूस गडबडतो. मी म्हणालो, "मॅडम, सदर यंत्र केवळ हाताने चालते. शिवणाऱ्याचे दोन्ही हात कापडावर असतात. सबब, जे यंत्र पायाने चालविता येत नाही, ते कायद्याच्या दृष्टीने..."

"मग पायाने चालवून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

झेरॉक्सवाला दुकान सोडून आला होता. कारकून भिंतीला टेकला होता. सून सासूपुढे जाऊन उभी राहिली. तिचा आवाज वर गेला नाही.

"आत्या, हे काय केलंस?"

"मेली म्हनून सांगाया नाय आनली मी तिला," म्हातारी म्हणाली. "घाटात मांडीवर होती. म्हनलं, साहेबापुढं अशी उभी करू? लोकं बघतीन. त्यांची मशीन हाय."

"आन् माझं?"

म्हातारीने माळेतले एक सुकलेले फूल सरळ केले.

"नवी गेली आता. हिच्यावर तू पाय लावू देत नाय. मंग मी काय करू? परत बागंवर जाऊ? पोरीला घेऊन?" सून थांबली. "तूच सांग, आत्या. मी ऐकते."

माझ्यापाशी त्या वेळी कोणतेही कलम नव्हते. मॅडमनीही मनगटावरील घड्याळ पाहणे थांबविले होते. म्हातारी यंत्राजवळ गेली. तिने सुकलेली माळ उचलली, दोन्ही हातांनी कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवली. मग खाली बसून पायडलवरची हळद आपल्या पदराने पुसू लागली. हळद जुनी होती, लोखंडात मुरलेली. ती बराच वेळ पुसत राहिली. खालून लोखंड दिसू लागले, पावलांनी झिजून मधोमध गुळगुळीत झालेले.

"बस," ती म्हणाली.

"पाय लागंल."

"लागू दे. त्यांचे बी पायच लागायचे. हात लावून का शिवायचे ते?"

सुनेने चपला काढून दूर ठेवल्या. पायडलला हात लावून तो कपाळाला लावला. माझे स्टूल मी स्वतः पुढे केले. तिने पाय ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला, मारला नाही, मग मारला. कापड कोणते, असा प्रश्न आला, तेव्हा म्हातारीने यंत्र गुंडाळून आणलेले लुगडेच पुढे केले. कारागिराने सुईत दोरा ओवून दिला आणि सुनेने लुगड्याचा फाटका काठ दुमडून सुईखाली घातला. टीप धावू लागली. कारागीर मान डोलवीत होता. मॅडम खाली वाकून पाहत होत्या.

"वाकडी चालली," म्हातारी म्हणाली.

"चालू दे की जरा, आत्या."

"ते असं वाकडं नाय शिवायचे."

"ते पहिल्या दिवशीबी सरळ शिवायचे का?"

म्हातारी विचारात पडली. "नाय," ती म्हणाली. "माझं पोलकं बिघडवलं व्हतं."

मॅडम मोठ्याने हसल्या. त्यानंतर त्यांनी मला विचारले की अर्जाचे काय करायचे. यंत्र घरात आहे आणि चालते. अपील टिकणार नाही, हे मलाही मान्य करावे लागले. मी बसलो आणि त्या आवारात बहुधा पूर्वी कोणी लिहिला नसेल असा अर्ज लिहिला: अर्जदारास आता यंत्राची आवश्यकता उरली नसल्याने तिचे नाव वगळून पुढील गरजू महिलेस संधी द्यावी. मागण्याची भाषा मला तोंडपाठ होती. न मागण्याच्या भाषेला वेळ लागला. अर्ज वाचून कारकून म्हणाला, "वकीलसाहेब, हरलेली केस एवढी नटवून कोण लिहितं?" मी म्हणालो, "ज्याला येते तो."

परतीच्या जीपमध्ये यंत्राचे डोके पुन्हा म्हातारीच्या मांडीवर होते. सून तिच्या शेजारी बसून म्हणत होती की मी धरते, तुझे गुडघे दुखतीन. आणि म्हातारी ऐकत नव्हती. माळ मात्र झाडाशीच राहिली. ती उचलून फेकावी की ठेवावी याबद्दल झेरॉक्सवाल्याचा आणि माझा वाद झाला.

दिवाळी झाल्यावर काही कामानिमित्त मी नाशकातल्याच पेठ नाक्यावर गेलो होतो. बागांवर जाणारी माणसे तेथे उतरत; बोचकी, कळशा, लहान मुले, सारा संसार. त्यांत त्या पाड्याच्या बायका मला भेटल्या. एकीने मला ओळखले. तिच्या रेशनकार्डाचा अर्ज मीच लिहिला होता. मी विचारले, तुमच्यातली ती मशीनवाली कुठे आहे.

"ती नाय आली, दादा. नवरा आलाय, तो बघा तिकडं." तिने डोक्यावरचे बोचके दुसऱ्या बाजूला सरकविले आणि पोलक्याची नवी बाही मला दाखविली. "हे तिनंच शिवलं. काखंत काचतंय. परत करून दे म्हनलं, तर म्हातारी म्हनती, थांब, आधी सगळ्या पाड्याचं होऊ दे. तिला उठूच देत नाय मशीनवरनं."

"आणि मुलगी?"

"शाळंत," ती म्हणाली, आणि ट्रकवाल्याने हाक मारली म्हणून घाईने निघून गेली.